विझल्याचं ऐकू येत नाही

“सुंदर होतं असं येऊन सांगितलंस, तर उद्यापासून तुझ्या हातची पेज खाणार नाही,” ओगुरी-सान म्हणाले आणि तोंडासमोरचा चमचा त्यांनी बोटानं बाजूला सारला.

“मग काय सांगू?”

“दिसलं ते सांग. सुंदर होतं हे सगळेच सांगतात. मुलगा सांगतो, नर्सबाई सांगतात. डॉक्टर तर न बघताच सांगतात.”

“बरं. आधी पेज संपवा.”

“आणि एकटी जा.”

“मारिसेल येते म्हणतेय सोबत.” मारिसेल म्हणजे माझ्या खोलीत राहणारी फिलिपिन्सची मुलगी.

“एकटी जा. सोबत कुणी असलं की माणूस बोलतो. बोलणारा मोजत नाही.”

ह्यावर मी गप्प बसले. मी गप्प बसले हीच मोठी गोष्ट, कारण तोवर मला गप्प बसवणारं माणूस जगात एकच होतं. ते म्हणजे माझे वडील, आबा, आणि ते तिकडं सांगली जिल्ह्यात होते.

ह्याला बारा वर्षं झाली. मी तेव्हा जपानात, निगाताकडच्या एका छोट्या शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला होते. येऊन तीन वर्षं झाली होती. भरवायचं, आंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, असलं काम. गावातल्या बायका आईला विचारायच्या, “एवढी शिकून पोरगी म्हाताऱ्यांचं काढायला गेली व्हय?” आई म्हणायची, “तुमचं काढायला कोण येतंय ते बघा आधी.” माझी जीभ कुणावर गेलीय ते कळलं असेल.

ओगुरी-सान, म्हणजे आपल्याकडचे ओगुरीराव, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. अंगावरनं वारं गेलेलं, डावी बाजू लुळी, चाकाच्या खुर्चीत बसून. खोलीत शिरताना, ताटाला हात लावताना, इतकंच काय माझा हात धरतानासुद्धा ते आधी उजवा तळवा कुठल्यातरी लोखंडी कठड्यावर टेकवायचे आणि मगच पुढचं काम. फाइलमध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘वयोमानाने जडलेली विचित्र सवय’. मी तिसऱ्याच दिवशी विचारलं, “आजोबा, तुम्ही शोभेच्या दारूचं काम करत होता का?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं काहीतरी चुकीचा शब्द वापरला.

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या हातानं. तुम्ही लोखंडाला लावता, माझे वडील पाण्यात बुडवतात.”

अंगावरच्या कपड्याला कपडा घासला तरी माणसाच्या अंगात थोडी वीज साठते. एरवी तिचा काही त्रास नाही. पण दारूच्या खोलीत तेवढी ठिणगी पुरते. म्हणून आत जाण्याआधी ती उतरवून टाकायची. ओगुरी-सानना कारखाना सोडून पाच वर्षं झाली होती, पण हात अजून कारखान्यातच होता. त्या दिवसापासून म्हातारा माझ्याच हातचं जेवायला लागला, आणि माझी मान ताठ झाली.

आमच्या घरात पाच पिढ्यांचं दारूकाम. दसऱ्याला भैरोबाच्या पालखीपुढं औट उडतात, ते आमचे. औट म्हणजे नळीतून आभाळात जाऊन फुटणारा गोळा. दारूची खोली मळ्यात, वस्तीपासून लांब. उंबऱ्याशी पाण्याची बादली. आबा, चुलते आणि माझा भाऊ प्रमोद हात ओले करून आत जायचे. मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या मागं उंबऱ्यापर्यंत गेले, तर आबांनी तिथंच थांबवलं.

“बांगड्या घालणारीनं आत यायचं न्हाई. ठिणगी पडती.”

दुसऱ्या दिवशी मी बांगड्या उतरवून हजर. दोन्ही हात पुढं करून दाखवले.

“आज काढल्यास,” आबा म्हणाले, “उद्या घालशीलच की.” आणि दार लावून घेतलं. मी बादलीला लाथ मारून घरी आले आणि त्याबद्दल आईचा मार खाल्ला.

आम्हा बायकांकडं काय, तर वाळवण. आभाळात ज्यांचे रंग होतात त्या दारूच्या बारीक गोळ्या आमच्या गच्चीवर जुन्या धोतरांवर पसरायच्या, सांडग्यांसारख्या, आणि ऊन फिरेल तशा उलटत राहायच्या. ह्याला काम म्हणून कुणी धरतच नव्हतं. “जया काय करतीय?” “काय न्हाई, गच्चीवर बसलीय.” बारा वर्षं मी अशी गच्चीवर बसले. दसऱ्याला औटही तिथूनच बघितले. आबांसारखंच तोंडातल्या तोंडात मोजायचे, भैरोबा एक, भैरोबा दोन. मिरवणुकीतनं परत आल्यावर आबा प्रमोदला विचारायचे, “किती मोजलंस?” प्रमोद दरवेळी गडबडायचा. मी जिन्यात उभी असायचे, आकडा ओठांवर घेऊन. मला कधी कुणी विचारलं नाही.

तर, ओगुरी-सानचं काय चाललं होतं ते सांगते. त्यांचा मुलगा शिन्जी-सान, पन्नाशीचा, पाच वर्षं कारखाना बघत होता, पण मोठा गोळा बापाला विचारल्याशिवाय त्यानं कधी बांधला नव्हता. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यानं एक गोळा एकट्यानं बांधला होता, आणि शहराच्या उत्सवात तो उडणार होता. गोळ्यावर मारायचा घराण्याचा लाकडी शिक्का म्हाताऱ्यानं अजून आपल्या कपाटात ठेवला होता, रुमालात गुंडाळून. गोळा मनासारखा जमला तर शिक्का मुलाचा. नाही जमला, तर कारखाना दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. हे त्यांनी मुलालाही सांगितलं होतं.

“उत्सवाचं मैदान टेकडीच्या पलीकडं,” ते मला म्हणाले. “खिडकी उघडी ठेवली तर सुटल्याचं ऐकू येतं, फुटल्याचं ऐकू येतं. वर किती वेळ गेला ते मी इथं पडून मोजेन. पण विझल्याचं ऐकू येत नाही, जया-सान. त्यासाठी डोळे लागतात.”

“माझे डोळे चालतील?”

“दारूवाल्याची मुलगी ना तू?”

“हो,” मी म्हटलं. आणि त्या क्षणी हेही कळत होतं, की मी दारूच्या खोलीत आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

उत्सवाच्या संध्याकाळी मी सुती पंजाबी ड्रेस घालून एकटीच निघाले. नदीकाठी जिकडंतिकडं निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या, उन्हाळी किमोनो घातलेल्या पोरी, भाजलेल्या कणसांचा धूर. जोडपी, कुटुंबं, ऑफिसची टोळकी. एकटी अशी मीच. मी माझी छोटी चटई एका आजीच्या ताडपत्रीला लागून टाकली.

“एकटीच?” आजींनी विचारलं.

“हो.”

“अरेरे. मैत्रिणी नाहीत?”

“आहेत हो. पण मला मोजायचंय.”

आजींना काय कळलं देव जाणे. त्यांनी माझ्या हातात एक कणीस दिलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. बिचारी, परक्या देशात एकटी पडलीय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी दारूकाम बघायला पाठवलं होतं, आणि मी काय म्हणून बिचारी?

अंधार पडला आणि माइकवर एक बाई बोलायला लागली. तिथली रीत अशी, की प्रत्येक गोळ्याआधी तो कुणाकडून आणि कशासाठी ते वाचून दाखवायचं. “मुलाला नोकरी लागली, त्याच्या आईवडिलांकडून.” “गेल्या वर्षी गेलेल्या आजीला, सगळ्या नातवंडांकडून.” मग एक गोळा वर. मग पुन्हा पुढचं नाव. मी तर मोठ्यानं हसलेच. आमच्या गावात तरी दुसरं काय असतं? “पाटलांच्या थोरल्या सुनेला मुलगी झाली, नवसाचा औट हाय, बाजूला व्हा रं!” हजारो मैल विमानानं येऊन मी आमच्याच दसऱ्याला बसले होते, फक्त इथले लोक रांगेत बसले होते आणि कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं.

मग मी कामाला लागले. औट कसा बघायचा हे एकदा कळलं की साधं असतं. तो चढत जातो, चढत जातो, आणि वर एका जागी थांबतो. पडायला लागायच्या आधी, थांबल्या थांबल्या फुटला पाहिजे. चढता फुटला तर फूल वर ओढलं जातं, उतरता फुटला तर खाली झुकतं. आणि विझताना सगळ्या गोळ्या एकदम विझल्या पाहिजेत, घरातला दिवा गेल्यासारख्या. एकही मागं राहता कामा नये. राहिली तर त्याला आमच्यात शेपूट म्हणतात. मी एकेकाला नापास करत सुटले. हा चढता. हा उतरता. ह्याला शेपूट. हा बरा, पण गोल नाही. आजी प्रत्येकाला टाळ्या वाजवत होत्या.

आठच्या सुमारास माइकवरची बाई म्हणाली, “ओगुरी कारखाना. पाहायला येऊ न शकणाऱ्या वडिलांना, शिन्जीकडून.”

मी कणीस खाली ठेवलं.

सुटला. भैरोबा एक, भैरोबा दोन. एवढा वजनदार गोळा, तरी रेघ सरळ. भैरोबा पाच. भैरोबा सहा. वेग मंदावला. भैरोबा सात, आणि थांबला. खरंच थांबला हो, आभाळात टांगून ठेवल्यासारखा, आणि तिथंच फुटला. लाल फूल, परातीसारखं गोल, मग लालाचं निळं, निळ्याचं पांढरं, सगळं एका ठेक्यात. मग आवाज आला आणि छातीत दणका बसला. माझ्या तोंडून “आई गं” निघून गेलं. आणि मग ते विझलं.

विझलं, पण डावीकडं खालच्या अंगाला चार-पाच गोळ्या मागं राहिल्या. पापणी मिटायला लागते तेवढाच वेळ. मग त्याही गेल्या.

सगळा नदीकाठ “ओ ऽ ऽ” करून ओरडला. आजी उठून उभ्या राहिल्या. “सुंदर! काय सुंदर!” त्या मला हलवून म्हणाल्या. “बघितलंस ना?”

बघितलं होतं. शेपूटसुद्धा.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी एक वेगळीच गोष्ट केली. कुणी उठून गेलं नाही. सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावले आणि नदीच्या पलीकडं, जिथून गोळे उडत होते तिकडं, हात उंच करून हलवायला लागले. हजारो दिवे. आणि पलीकडच्या काळोखातून लाल बत्त्या हलल्या. ते कारागीर होते, उत्तर देत होते. त्यातली एक बत्ती शिन्जी-सानची असणार. मीही माझा मोबाइल हलवला आणि रडायला लागले. आमच्याकडं औट संपले की लोक जेवायला पळतात. आबा काजळलेल्या तोंडानं मागून एकटे चालत येतात. त्यांना कुणी कधी हात हलवून दाखवला नाही. मीसुद्धा नाही, कारण मी रागावून गच्चीवर बसलेली असायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर शिन्जी-सान आधीच येऊन बसले होते. डोळे लाल, शर्टाची बाही एका बाजूनं काळवंडलेली. पलंगाशेजारच्या टेबलावर तो रुमाल उलगडून ठेवलेला आणि मधोमध शिक्का. मी दारातच थांबले. ‘सुंदर होतं’ म्हणणं किती सोपं! दोन शब्द, आणि सगळे खूश. आणि मी कोण लागून गेले? जी कधी खोलीत गेली नाही, तिनं पन्नाशीच्या कारागिराचं नशीब ठरवायचं?

“ये,” ओगुरी-सान म्हणाले. “मोजलंस?”

“सात. सातावर थांबला आणि थांबून फुटला.”

“ते मी ऐकलं. गोल?”

“परातीसारखं. रंगही सगळे एकदम पालटले.”

“विझलं कसं?”

शिन्जी-सान माझ्याकडं बघत होते. मी एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते.

“सगळं एकदम नाही विझलं,” मी म्हटलं. “डावीकडं, खालच्या अंगाला, चार-पाच मागं राहिल्या.”

“कॅमेऱ्यात काही दिसलं नाही,” शिन्जी-सान हळूच म्हणाले. चिडले नव्हते, फक्त पांढरे पडले होते.

“कॅमेरा फुलणं बघतो, विझणं नाही,” म्हातारा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “का मागं राहिल्या?”

हे विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. पण उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, बारा वर्षांचं.

“एक ताट एकाच अंगानं वाळलंय. उलटायचं राहिलं. वाळवण घातलं तेव्हा पाऊस होता का?”

शिन्जी-साननी कपाळावर हात मारला. “जूनमध्ये. एक ताट आत घेतलं, खिडकीपाशी ठेवलं. मग ऊन पडल्यावर तसंच बाहेर नेलं. ते उलटलं नाही.” ते माझ्याकडं वळले. “पण तुम्हाला हे कसं कळलं?”

“मी तेच काम केलंय. वर्षानुवर्षं.” मग माझ्यानं राहवेना. “पण एक सांगू का? असा थांबून फुटलेला औट मी माझ्या वडिलांच्या हातचासुद्धा बघितलेला नाही. शपथेवर सांगते.”

हे मी आधी कधी मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं. आबांची मनोमन माफी मागितली. पण खरं ते खरं.

 ओगुरी-साननी उजवा तळवा पलंगाच्या कठड्यावर टेकवला, शिक्का उचलला आणि मुलासमोर धरला.

“थांबवून फोडणं शिकवता येत नाही. ते तुला येतं,” ते म्हणाले. “वाळवण शिकता येतं. ते हिच्याकडून शीक.”

शिन्जी-साननी शिक्का दोन्ही हातांनी घेतला. बापापुढं कमरेत वाकले. मग वळले आणि तेवढेच खाली माझ्यापुढं वाकले. मी एप्रनवर पेजेचे डाग घेऊन उभी. जपानात माझ्यापुढं खूप लोक वाकले होते, तिथं दुकानदारही वाकतो. पण हे वाकणं वेगळं होतं, आणि मी ते पुरतं घेतलं. लाजले नाही.

“वडिलांनी तुला किती वर्षं शिकवलं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “एक दिवसही नाही. बाईमाणसाला आत घेत नाहीत. मी गच्चीवरून बघितलं.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “त्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, तुमच्या घरचा एक कारागीर इकडं आलाय.”

दुपारच्या सुट्टीत मी मागच्या जिन्यात बसून घरी फोन लावला. आबा फोनवर कधी बोलायचे नाहीत. “बरी हाईस न्हवं?” एवढं म्हणून आईकडं द्यायचे. त्या दिवशी मी म्हटलं, “आबा, आईकडं देऊ नका. ऐका.” आणि सगळं सांगितलं. गोळा, शिक्का, डावीकडचं शेपूट, आणि म्हाताऱ्याचा निरोप.

आबांनी फोन आईकडं दिला नाही.

“आबा, ऐकलंत?”

“किती मोजलंस?”

ज्या प्रश्नासाठी मी दर दसऱ्याला जिन्यात उभी राहिले, तो मला असा परक्या देशातल्या जिन्यात विचारला गेला.

“सात,” मी म्हटलं.

“मोठा गोळा. सात बरोबर हाय.” मग घसा खाकरून म्हणाले, “कुठल्या अंगाला ऱ्हायल्या म्हणालीस?”

“डावीकडं, खाली.”

“हं. आपल्या औटालाबी शेपूट ऱ्हातंय, जया. तीन दसरं झालं. प्रमोद म्हणतोय मालच खराब येतोय.”

“माल कशाला खराब असतोय? आईचं गुडघं दुखत्यात. गच्चीवर उलटतंय कोण?”

“तू गेल्यापास्नं कोण न्हाई,” आबा म्हणाले. “ते आत्ता कळलं मला.”

मी भिंतीला टेकले. खाली अंगणात मारिसेल चादरी वाळत घालत होती.

“दसऱ्याला येतीस?” त्यांनी विचारलं.

“रजा मिळाली की येते. यंदा गच्ची मी बघते.”

“गच्ची प्रमोद बघंल. तू खोलीत ये.” जरा थांबून म्हणाले, “बांगड्या तेवढ्या काढून ये.”

“आबा, हितं कामावर बांगड्या चालत न्हाईत. तीन वर्षं झाली, माझं हात मोकळंच हाईत.”

“मग काय,” आबा म्हणाले, “ये की आत.”